ब्रुकलिनमधील इटालियन लोकांचा ‘जिलिओ’ उत्सव कसा असतो? कोणी पाहिला आहे का?

मी तो न्यूयॉर्कमध्ये राहत असताना पाहिला आहे. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात, माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोवती, दर जुलैमध्ये हा उत्सव भरतो; नेपल्सजवळच्या नोला गावातून आलेल्या स्थलांतरितांनी तो तेथे १९०३ साली सुरू केला. नोलाचे बिशप संत पाउलिनो यांनी एका विधवेच्या मुलाला सोडवण्यासाठी स्वतः गुलामगिरी पत्करली आणि ते परतले तेव्हा गावकऱ्यांनी लिलीची फुले हाती घेऊन त्यांचे स्वागत केले, अशी आख्यायिका आहे. ‘जिलिओ’ म्हणजे लिली. त्या फुलांचाच पुढे सत्तर फुटांहून उंच मनोरा झाला.

मनोऱ्याच्या चौथऱ्यावर वाजंत्री आणि गायक उभे असतात, आणि हे सारे वजन शंभराहून अधिक पुरुष खांद्यांवर पेलतात. ‘कापो’ म्हणवणारा म्होरक्या हातातील छडीने इशारा देताच तो डोलारा रस्त्यापासून जेमतेम वीतभर उचलला जातो आणि बँडच्या ठेक्यावर झुलू लागतो. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सदऱ्याची कॉलर बाजूला करून खांद्यावरचा लिंबाएवढा घट्टा दाखवला होता, तोही काहीशा अभिमानाने.

खाण्यात मात्र ‘झेपोले’ चुकवू नयेत: कढईतून काढलेले मैद्याचे गोळे कागदी पिशवीत पिठीसाखर घालून हलवून देतात, आणि ती साखर संध्याकाळपर्यंत कपड्यांवरून जात नाही.