सॉफ्टवेअरची कंपनी तेल शोधायला निघालीये, राइट्सला पैसे भरू का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०१९ मध्ये त्यांनी महापेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे ५,००० शेअर ३८ रुपयांनी घेतले, पुढे भाव २२ च्या आसपास नुसता पडून होता, मग कंपनीने जाहीर केलं की आता आम्ही तेल आणि गॅस शोधणार आणि बघता बघता भाव ६१. आता राइट्स इश्यू आलाय, म्हणजे जुन्या शेअरधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर घ्यायचा हक्क, एका शेअरला एक, ४५ रुपयांनी, म्हणजे सव्वादोन लाख भरायचे. ते येणार कुठून तर मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडून. शेजारचे काका उरणच्या ओएनजीसीतून रिटायर झालेत, ते म्हणतात तेलाला मरण नाही, बिनधास्त भरा. मिस्टरांनाही पटलंय.

ताई, एफडी मोडू नका. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं वाचेपर्यंत तुम्ही फॉर्म भरून मोकळ्या व्हाल अशी भीती वाटते.

काका तेलाबद्दल चुकीचं बोलत नाहीयेत. आपला देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे ज्याला सापडेल त्याचा माल विकला जाणारच. पण काकांनी जी कंपनी आतून बघितली तिच्या हातात १९७४ साली सापडलेलं बॉम्बे हाय होतं आणि पाठीशी सरकार. एक विहीर कोरडी गेली तर दुसरी खणायला पैसे होते. तुमच्या कंपनीची पहिलीच विहीर कोरडी गेली तर पुढे काय, हे मला त्यांच्या कागदात कुठेच दिसलं नाही.

धंद्याचा स्वभावच वेगळा आहे हो. सॉफ्टवेअरमध्ये एक क्लायंट गेला तर चार माणसं कमी करून कंपनी तग धरते. इथे आधी सिस्मिक सर्व्हे म्हणजे जमिनीखाली काय आहे त्याचा अंदाज, मग विहीर, काही लागलं तर किती आहे ते बघायला आणखी विहिरी, मग डेव्हलपमेंट प्लॅन, त्याची मंजुरी, पाइपलाइन, आणि तोपर्यंत पैसा फक्त जातोच. राजस्थानात बाडमेरचं मंगला फील्ड केअर्न कंपनीला जानेवारी २००४ मध्ये सापडलं आणि तेल सुरू झालं ऑगस्ट २००९ मध्ये, साडेपाच वर्षं, तेही एवढं मोठं फील्ड आणि एवढी मोठी कंपनी असून. मधल्या काळात छोटी कंपनी पैसे मागणार कोणाकडे? तुमच्याकडेच. हा राइट्स पहिला आहे, शेवटचा नाही. पुढच्या वेळी भरले नाहीत तर तुमचा हिस्सा पातळ होणार आणि भरायचे म्हटलं तर आणखी एक एफडी.

तुम्ही लिहिलंय की सरकारने फील्ड दिलंय म्हणजे तपासूनच दिलं असेल ना. इथे जरा थांबा. कंपनीला मिळालंय ते डीएसएफ म्हणजे शोध लागलेल्या छोट्या फील्डच्या योजनेतलं. या बहुतेक जागा ओएनजीसी आणि ऑइल इंडियालाच सापडलेल्या, पण छोट्या किंवा अडचणीच्या म्हणून तशाच राहिलेल्या. म्हणजे तिथे काहीतरी आहे हे खरं, ते काढणं परवडेल का हा प्रश्न उरतोच. आणि या योजनेत बोली लावायला तेलाच्या कामाचा आधीचा अनुभव लागत नाही, त्यामुळे फील्ड मिळणं हे काही कंपनीचं सर्टिफिकेट नाही.

प्रेझेंटेशनमधला तो मोठा आकडाही नीट वाचा, तिथे ‘रिसोर्सेस’ लिहिलंय, ‘रिझर्व्ह’ नाही. रिझर्व्ह म्हणजे जे आजच्या भावात, ठरलेल्या प्लॅनप्रमाणे काढता येईल ते. रिसोर्सेसमध्ये न परवडणारं आणि अजून न सापडलेलंसुद्धा येतं. आणि रिझर्व्ह म्हटलं तरी खात्री नसते. आंध्रच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या केजी डी६ फील्डमधून २००९ ला गॅस सुरू झाला, पुढच्या वर्षी दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत गेला आणि मग घसरतच गेला, ८ कोटींचं टार्गेट गाठलंच नाही, आणि ती तर रिलायन्स होती.

आता ४५ ला मिळतोय म्हणजे १६ रुपये फुकट, हा हिशोब. तसं नसतं. ६१ चा एक आणि ४५ चा एक मिळून सरासरी ५३, रेकॉर्ड डेटला, म्हणजे हक्क कोणाला मिळणार ते ज्या तारखेला ठरतं तेव्हा, भाव साधारण तिथेच येतो. फायदा आहे तो हक्काचा, शेअरमागे ८ रुपयांच्या आसपास, आणि तो हक्क डीमॅटमध्ये येतो, विकता येतो. भरलंही नाही आणि विकलंही नाही तर मात्र बुडतो, हे खूप जणांना माहीतच नसतं आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

मी तुमच्या जागी असते तर सगळेच विकले असते. पण घरात वाद नको असेल तर रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवसापर्यंत ३,१५० शेअर विका, साधारण १ लाख ९२ हजार येतील, म्हणजे घातलेले १ लाख ९० हजार परत. नफा साधारण ७२ हजार, आणि या वर्षी शेअर किंवा इक्विटी फंडात दुसरा लाँग टर्म नफा नसेल तर सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही. व्हॉल्यूम कमी असतो तेव्हा एका दिवसात सगळे बाजारात टाकू नका, लिमिट लावून, म्हणजे कमीत कमी भाव ठरवून, तीन-चार दिवसांत काढा.

उरलेले १,८५० मिस्टरांच्या हौसेसाठी राहू देत, तेल लागलं तर तेवढ्यावरही आनंद होईल. त्यांना लेटर ऑफ ऑफर म्हणजे इश्यूच्या माहितीपत्रातलं एकच पान वाचायला सांगा, प्रमोटर स्वतःच्या हिश्श्याचे पूर्ण पैसे भरतायत की हक्क सोडून देतायत ते तिथे लिहिलेलं असतं. या १,८५० वर आलेले राइट्सचे हक्क पहिल्या दोन-तीन दिवसांतच विका, त्यांचं ट्रेडिंग इश्यू बंद होण्याच्या आधीच बंद होतं, आणि ते आलेले पंधराएक हजार मुलीच्या फीच्या खात्यात टाका.