पाचटावर ट्रायकोडर्मा टाकून शेतावरच इथेनॉल करता येईल का?

तुम्ही विचारलंय की उसाच्या खोडव्याचं पाचट (तोडणीनंतर उरलेला वाळका पाला) जाळायचं नाहीये, कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा ही बुरशी मिळते, मग ती टाकून इथेनॉल का काढू नये? नाही जमणार. शिवाय परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. पण मी याच बुरशीच्या एन्झाइमांवर, म्हणजे काड तोडणाऱ्या तिच्या प्रथिनांवर काम करते, म्हणून का जमणार नाही ते नीट सांगते.

पाचटात साधारण ३५ ते ४० टक्के सेल्युलोज असतं, म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. बुरशी त्या तोडते, पण स्वतःच्या पोटासाठी. सुटलेलं ग्लुकोज ती तिथेच खाऊन टाकते आणि तुमच्या हाती कंपोस्ट येतं. म्हणून कारखान्यात बुरशी थेट काडावर सोडत नाहीत. तिला वेगळ्या टाकीत वाढवतात, तिने बाहेर सोडलेली एन्झाइमं काढून घेतात आणि तेवढीच वापरतात.

त्यासाठी प्रामुख्याने ट्रायकोडर्मा रीसाई ही जात वापरतात. तुमच्या पाकिटात बहुधा विरिडी किंवा हर्जियानम असेल, ती मर रोगासाठी. रीसाई सापडली दुसऱ्या महायुद्धात, सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजत होतं तेव्हा. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स या शास्त्रज्ञांनी पुढे तिच्यावर काम केलं, आणि १९७७ मध्ये तिला रीस यांचंच नाव मिळालं.

तिचं एक एन्झाइम साखळी मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं, तिसरं त्या जोड्या फोडतं. हे तिसरं रीसाईत कमी पडतं. मग जोड्या साचतात आणि पहिली दोन्ही मंदावतात, म्हणून बऱ्याचदा ॲस्परजिलस बुरशीचं एन्झाइम जोडीला घालतात. हे सगळं फ्लास्कमध्ये बघायला मला अजूनही आवडतं. वाफवलेल्या पेंढ्याचा दाट लगदा, फ्लास्क आडवा केला तरी जागचा हलत नाही. सामू (pH) ५ च्या आसपास ठेवायचा, एन्झाइम घालायचं आणि ५० अंशाला शेकरवर लावायचा. दुसऱ्या दिवशी तोच लगदा तपकिरी, पातळ होऊन काचेवरून ओघळत असतो.

कच्च्या पाचटावर मात्र हीच एन्झाइमं जवळपास हात टेकतात. सेल्युलोजभोवती लिग्निन (काडाला कडकपणा देणारा घटक) आणि हेमिसेल्युलोज (इतर साखरांच्या साखळ्या) घट्ट बसलेलं असतं. ते सैल करायला दाबाखालची वाफ आणि सौम्य आम्ल लागतं, म्हणजे आम्लाला टिकणारी महागडी भांडी आली. वर हेमिसेल्युलोजमधून जी झायलोज साखर सुटते, तिचं साखरेपासून अल्कोहोल करणाऱ्या साध्या यीस्टला काहीच करता येत नाही. माझ्या मते घोडं इथे अडतं, बुरशीपाशी नाही.

इंडियन ऑइलच्या पानिपतच्या प्रकल्पाचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं, खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं नियोजन होतं, म्हणजे टनाला दीडशे लिटर. ड्यूपॉन्ट कंपनीने अमेरिकेत आयोवामध्ये मक्याच्या धाटांवर असाच प्रकल्प २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये थांबवला. एवढ्या मोठ्यांना जे जड जातं ते बांधावर कसं होणार?

तरी जाळू मात्र नका. खोडव्यात पाचट सरीत दाबून बसवा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाका, आणि लगेच पाणी द्या. काड कुजवताना बुरशीला नत्र लागतं, युरिया त्यासाठीच. तो टाळलात तर ती जमिनीतलं नत्र ओढेल आणि खोडवा पिवळा पडेल.