लॅपटॉपचा आवाज तिलाच निवडू द्या

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी धाकटी बहीण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे अकरावीपासून तिची नजर कमी होत गेली. आता उजेड-अंधार आणि समोर कुणी उभं आहे, एवढंच कळतं. फोन ती टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, सराईतपणे वापरते. पुढे बँकेच्या परीक्षा द्यायच्या म्हणते, म्हणून ४५ हजारांपर्यंत लॅपटॉप घ्यायचा आहे. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो मॅकच घ्या, त्यात सगळं आधीच असतं. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो कोणताही घ्या, सॉफ्टवेअर टाकून देतो. तिच्या कॉलेजातला एक मित्र लिनक्स सुचवतो. काय घ्यावं काही समजून नाही राहिलं.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा ऐकलं. त्यात मामेभाऊ बोलतो, दुकानदार बोलतो, मित्र बोलतो. तुमची बहीण कुठेच बोलत नाही. रोजचे पाच-सहा तास तो आवाज तिच्या कानात राहणार आहे, आणि तो तिला सहन होतो की नाही हे तिच्याशिवाय कोण सांगणार? म्हणून मी माझं मत देते, पण पैसे मोजायच्या आधी तिला स्वतः हात लावून बघू द्या. ते कसं, तेही सांगते.

माझं मत : विंडोजचा लॅपटॉप घ्या आणि त्यावर एनव्हीडीए टाका. ते पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आहे.

मी २००५ साली धंतोलीतल्या एका छोट्या वर्गात जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरवर शिकले. त्याचा परवाना आमच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून डेमोवर काम चालायचं. तो ४० मिनिटं बोलायचा, मग गप्प. संगणक पुन्हा सुरू केला की आणखी ४० मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला बोटं आपोआप कंट्रोल-एसवर जायची, नाहीतर टाइप केलेलं सगळं पाण्यात. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत आवाज ऐकू येत नसे, मग कूलर बंद करून घाम पुसत बसायचो. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतलं. नंतर जेम्स टे त्याला येऊन मिळाला, तोही अंध. डोळस माणसाला पडद्यावरचं वाचायला वेगळे पैसे पडत नाहीत, मग अंधाला का पडावेत, एवढा साधा विचार. आज ते पूर्ण फुकट मिळतं. मी त्यावर नोकरी केली, हे उत्तरही त्यावरच लिहिते आहे.

जॉज आजही उत्तम आहे. काही कार्यालयांतल्या जुन्या सॉफ्टवेअरवर ते जास्त चांगलं चालतं. पण ते नोकरी लागल्यावर कार्यालयाकडून मागून घ्यायचं. घरच्या पैशातून आत्ता नको.

तुमच्या मामेभावाचं म्हणणं खोटं नाही. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर हा त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर २००५ पासून आहे. खोक्यातून काढा, कमांड आणि एफ-५ दाबा, यंत्र बोलायला लागतं, कुणाला बोलवावं लागत नाही. पण ४५ हजारांत नवा मॅक लॅपटॉप बसणार नाही. शिवाय तिथली चाल निराळी. पडद्यावरच्या एकेका गटात 'आत शिरायचं', काम झालं की 'बाहेर यायचं'. सवय झाली की छान वाटतं, पण सवय व्हायला शेजारी कुणीतरी जाणकार लागतो. रात्री अकराला असाइनमेंट अडकली, तर तुमच्या बहिणीने कुणाला फोन लावायचा? माझ्या ओळखीत एनव्हीडीएवाले पन्नासेक निघतील, मॅकवाले दोन. बँका आणि सरकारी कार्यालयांतही बहुतेक टेबलांवर विंडोजच असतं.

लिनक्सवरचा ऑर्का हा स्क्रीन रीडर मला मनापासून आवडतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर सुपर-ऑल्ट-एस दाबलं की सुरू. पण एकदा अपडेटनंतर माझ्या संगणकाचा आवाजच गेला. तो दुरुस्त करायला पडदा वाचायला हवा, आणि पडदा वाचायला आवाज हवा. शेवटी शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या बिचाऱ्या एकेक इंग्रजी अक्षर सांगत होत्या आणि मी टाइप करत होते, दीड तास. विंडोजवर एनव्हीडीए मुकं झालं तर विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून विंडोजमधलाच नॅरेटर हा दुसरा वाचक उठवता येतो. घरात दुसरी किल्ली असावी तसं आहे हे. मित्राचा सल्ला तिने दोन वर्षांनी जरूर मनावर घ्यावा.

आता मराठीकडे येते, कारण खरी अडचण तिथेच येते आणि तुमच्या तिन्ही सल्लागारांनी तिचा उच्चारही केलेला नाही. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा यांत्रिक आवाज मराठी वाचतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं दुखेल. पण तो वेग वाढवला तरी शब्द खात नाही, आणि महिन्याभरात तिला तो इतक्या वेगाने ऐकता येईल की तुम्हाला एक अक्षर कळणार नाही.

मात्र मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्राला मराठी अक्षर म्हणूनच कळेल अशा संकेतात, हवा. गेल्या वर्षी एका कार्यालयाकडून मला पीडीएफ परिपत्रक आलं. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसत होतं, पण होतं कृतिदेवमध्ये. त्या फाँटमध्ये 'नागपूर' दिसतं, पण आतमध्ये यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे ही इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडरला आकार दिसत नाही, त्याला आतली अक्षरंच मिळतात. चार पानं मी तसली खडखड ऐकली आणि त्यातल्या मुदतीची तारीख माझ्या हातून निसटली. हा दोष विंडोजचा नाही, मॅकचा नाही. कोणत्याही यंत्रावर हेच होणार. त्यावर तोडगा असा : पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडायचा, म्हणजे चित्रातली मराठी ओळखून मजकूर मिळतो. आणि पाठवणाऱ्याला लेखी कळवायचं की युनिकोडमध्ये पाठवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती सुगम स्वरूपात मिळण्याचा हक्क आहे, त्याचा उल्लेख करायला संकोचू नये.

टायपिंगला इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणीच शिकवा. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे बोटांना वाट पटकन सापडते. थोडा उजेड कळतो म्हणून पडद्याला नाक लावून काम करायची सवय मात्र लागू देऊ नका. माझी दोन वर्षं त्यात गेली, वर मानेचं दुखणं आलं.

आता दुकानाचं. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर घ्या; ती इन्स्टॉल न करताही चालते. बर्डीवर शनिवारच्या गर्दीत जाऊ नका, आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा. खुर्ची तिला द्या, तुम्ही मागे उभे राहा. तिने एफ आणि जे वरचे उंचवटे बोटांनी तपासावेत. बाणांच्या कळा पुरेशा मोठ्या आहेत का, उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा आहे का, हेडफोनची जागा कुठे आहे, हेही बघावं. पट्टा नसला तरी अडत नाही. एनव्हीडीएत लॅपटॉपची मांडणी निवडून कॅप्स लॉकवर काम भागतं. मग एखाद्या मराठी वर्तमानपत्राची वेबसाइट उघडून एच दाबत मथळ्यामागून मथळे ऐकावेत. कळ दाबल्यावर आवाज यायला वेळ लागत असेल तर ते यंत्र तिथेच सोडा. रॅम ८ जीबी तरी हवी, आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. पडदा किती चकचकीत आहे यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. वाचलेल्या पैशांत चांगले हेडफोन घ्या.

दुकानदार भाव तुम्हाला सांगायला लागला की म्हणा, "हिला सांगा, लॅपटॉप हिचा आहे."

रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्या घरी चार-पाच जण शिकायला येतात. पत्ता संपादकांकडून घ्या. पहिल्या दिवशी तुम्ही सोडायला या, पुढचा रस्ता ती शिकून घेईल. आणि पुढचं पत्र तिला स्वतः टाइप करू द्या; चुका राहिल्या तरी तसंच पाठवा.