खालच्या पंखांच्या विमानातील दोन्ही टाक्या टी लावून एकाच पंपाला जोडता येतील का?

परभणीजवळ आपण स्वतः बांधत असलेल्या दोन आसनी विमानाला रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन आहे, पंख खाली असून प्रत्येक पंखात एक टाकी आहे, आणि कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारा निवडीचा व्हॉल्व्ह टाळण्यासाठी दोन्ही नळ्या टी (इंग्रजी T आकाराचा सांधा) लावून एकाच पंपाला द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे.

याचे कारण आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला लगेच पटेल. दोन विहिरींचे पाइप एकाच मोटारीच्या सक्शनला जोडले आणि एका विहिरीचे पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेले, तर दुसरी विहीर काठोकाठ भरलेली असली तरी मोटार हवा धरते आणि पाणी सोडते. विमानातील दोन टाक्या एकसारख्या कधीच रिकाम्या होत नाहीत. व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीच्या, दाबातला किंचित फरकही एक टाकी आधी संपवायला पुरतो, आणि मग तीस लिटर पेट्रोल शिल्लक असताना इंजिन बंद पडते. वरच्या पंखांच्या विमानात पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरते, म्हणून तेथे ‘दोन्ही’ अशी खूण असलेला व्हॉल्व्ह चालतो. आपल्या विमानात ‘डावी’, ‘उजवी’ आणि ‘बंद’ एवढ्याच खुणा ठेवा. इंजिनला जादा पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नळी असल्यामुळे तीही त्याच व्हॉल्व्हमधून, ज्या टाकीतून पेट्रोल घेतले जाते तिच्यातच परत गेली पाहिजे. नाहीतर भरलेली टाकी व्हेंटमधून बाहेर सांडत राहील.

दुसरा धोका उन्हाचा आहे. इंजिनवरचा पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो, आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांत तासभर उभ्या राहिलेल्या विमानाच्या तापलेल्या नळीत त्या कमी दाबाखाली पेट्रोलची वाफ होऊ लागते आणि इंजिनकडचा प्रवाह तुटतो. म्हणून विजेचा पंप फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीच्या) मागे, टाकीच्या जवळ आणि शक्य तितका खाली बसवा, म्हणजे तो पेट्रोल ओढण्याऐवजी पुढे ढकलेल. नळीत कोठेही वाफ साठेल असा उंचवटा ठेवू नका, आणि फायरवॉलच्या पुढच्या लवचिक नळ्यांवर अग्निरोधक आवरण चढवा. पाणी आणि गाळ उतरवण्याचा गाळणीचा पेला सर्वांत खालच्या बिंदूवर असावा, हे आपल्याला माहीत असेलच.

पेट्रोलपंपावर आता सर्रास मिळणारे ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल) या इंजिनात वापरू नका, कारण निर्मात्याची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे. १०० एलएल हे विमानांचे पेट्रोल चालते, मात्र त्यातील शिशामुळे इंजिन ऑइल लवकर बदलावे लागते.

आता चाचणीविषयी, कारण कागदावर बरोबर असलेली व्यवस्था प्रत्यक्षात कमी पडताना मी स्वतः पाहिली आहे. हे इंजिन उड्डाणाच्या वेळी तासाला सुमारे २७ लिटर पेट्रोल घेते. पंपाच्या व्यवस्थेला त्याच्या १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा, म्हणजे चार मिनिटांत सुमारे सव्वादोन लिटर. आम्ही पुढचे चाक ठोकळ्यांवर चढवून नाक चढाईच्या कोनात धरले, कार्बोरेटरकडची नळी सोडून मोजपात्रात घेतली आणि पंप सुरू केला, तेव्हा चार मिनिटांत भरले जेमतेम दीड लिटर. पंप बदलण्याच्या तयारीत असताना व्हॉल्व्ह उघडला, तर त्याच्या तोंडाशी पांढऱ्या टेफ्लॉन टेपची नखाएवढी चिंधी अडकलेली होती. आट्यांवर लावलेल्या टेपची धार सांधा आवळताना कापली गेली होती. तेव्हापासून मी इंधनाच्या सांध्यांवर टेप लावत नाही. पेट्रोलला टिकणारे सीलंट लावतो, तेही पहिला आटा मोकळा सोडून.

ही चाचणी व्हेंट आहे त्या स्थितीत ठेवून करा, टाकीचे झाकण उघडे ठेवून नव्हे. आमच्या हँगरात कुंभारीण माशीने दोन-तीन दिवसांत व्हेंटच्या तोंडात मातीचे घर बांधले होते, आणि झाकण उघडे असते तर ते चाचणीत दिसलेच नसते. विमान उभे असताना व्हेंटवर लाल कापडाची टोपी घाला आणि निघण्यापूर्वी ती काढल्याची खात्री करा.

शेवटी प्रत्येक टाकीत थोडेच पेट्रोल ठेवून, नाक वर धरून आणि नंतर खाली धरून, नळी हवा धरेपर्यंत पंप चालवा. दोन्हींपैकी ज्या स्थितीत जास्त पेट्रोल मागे राहील ते मोजा, आणि मापकाचा शून्य त्या पातळीवर लावा.