वळीव शेजारच्या गावातच का पडतो?

प्रश्न : मे महिन्यात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असा अंदाज येतो. शेजारच्या गावात धो धो पडतो, आमच्याकडे थेंबही नाही. अंदाज चुकला म्हणायचा का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. त्यामुळे तुरळकच्या दिवशी बहुतेक गावं कोरडी राहणं अपेक्षितच असतं.

वळवाचा एकेक ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो आणि साधारण तासाभरात विरतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते आणि बाष्पाचे थेंब व्हायला लागतात तिथे ढगाचा सपाट तळ तयार होतो. ही उंची घरीही काढता येते : तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो) वजा करा, १२५ ने गुणा. ३८ आणि २२ अंश असतील तर तळ सुमारे २,००० मीटरवर. दवबिंदू १४ असेल तर तो ३,००० मीटरवर जातो. मग थेंब वाटेतच सुकतात आणि हाती येते ती फक्त धूळ नि वावटळ!

दुपारी ढगाच्या फुलकोबीसारख्या ठसठशीत कडा बघत राहा. माथा तंतुमय होऊन ऐरणीसारखा पसरला, की वर बर्फ झालं आणि वीज आलीच. तेव्हा सकाळच्या अंदाजापेक्षा पुढच्या तीन तासांचा इशारा पाहावा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. शेत सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली मुळीच थांबू नका.