लेकीचे हात लांब आहेत, पण आधी इको

यावल तालुक्यातल्या एका आईने विचारलंय: मुलगी आठवीत, शाळेच्या व्हॉलीबॉल संघात आहे. उंची १५८ सेंटिमीटर, दोन्ही हात फैलावले की १६८. क्रीडाशिक्षक म्हणतात, हिला पोहायला घाला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या सरकारी निवासी केंद्राची, चाचणी द्या. वडील म्हणतात, आधी दहावी होऊ दे.

ताई, सरांची नजर चांगली आहे. बहुतेकांची उंची आणि हातांचा फैलाव जवळपास सारखाच भरतो. जलतरणपटू मायकल फेल्प्स १९३ सेंटिमीटर उंच, त्याचा फैलाव २०१. लांब हाताने पाण्यात पल्ला वाढतो, नेटवर ब्लॉक उंच जातो, बॉक्सिंगमध्ये ठोसा लांबून बसतो. पण बॉक्सर रॉकी मार्सियानोचे हात उंचीच्या मानाने आखूडच होते, आणि तो ४९ च्या ४९ लढती जिंकून निवृत्त झाला.

आता पत्रात कुणी न काढलेला विषय. १६८ ला १५८ ने भागलं की १.०६ येतं. १.०५ च्या वर आकडा गेला की डॉक्टर मारफान सिंड्रोमची इतर लक्षणंही बघतात. हा जन्मजात आजार, यात हातपाय लांब होतात आणि हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी कमकुवत असू शकते. बहुतेक मुलांना तसं काही नसतं, घाबरू नका. पण बोटं फारच लांबसडक, छाती खचलेली, चष्म्याचा नंबर मोठा, किंवा घरात कुणी तरुणपणी हृदयाने अचानक गेलेलं असेल, तर चाचणीबिचणी नंतर. आधी जळगावला हृदयरोगतज्ज्ञांकडून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानात सामना चालू असताना बाकावर कोसळली आणि गेली. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी तीच मोठी रक्तवाहिनी, फाटली होती. मारफान असल्याचं शवविच्छेदनात कळलं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, तर माझं मत व्हॉलीबॉलच्या बाजूने. पोहायचं म्हणजे बारमाही तलाव आणि रोज पहाटेची ये-जा. व्हॉलीबॉलचं मैदान शाळेतच आहे. बोटांना खडू लावून भिंतीशी उभं करा, हात वर करून एक खूण, उडी मारून दुसरी. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं. वरची खूण त्याच्या कितपत पुढे जाते ते बघा. या वयात हातपाय आधी वाढतात, धड मागून भरतं, म्हणून सहा महिन्यांनी सगळं पुन्हा मोजा.

वडिलांना सांगा, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं, हातांच्या लांबीवर नाही. दहावी करायचीच आहे. सरावाचा वेळ मात्र क्लासच्या नावाखाली कापू नका.