विहिरीवर तवंग, टाकीत घट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमचं वावर पेट्रोल पंपाला लागून आहे. पोळ्यापासून विहिरीच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो, वासही येतो. पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

नाही. उकळल्यावर पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यातून निघतं आणि स्वयंपाकघरातल्या हवेत मिसळतं. तुरटी आणि ब्लीचिंग पावडरीने ते जात नाही. तपासणी होईपर्यंत हे पाणी माणसांना देऊ नका, गुरांनाही नको.

तवंग कशाचा आहे हे पाहायला थोडं पाणी वरूनच बादलीने काढा आणि काडीने तवंग मधोमध फाडा. लोहजिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेलाचा असेल तर काडी उचलताच पुन्हा जुळून एकसंध होतो. तुमच्याकडे वासही आहे, म्हणून इंधनच समजून वागा.

गाळ काढायला कोणालाही विहिरीत उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. त्यात गुदमरून जीव जाऊ शकतो, आणि बिडीने किंवा स्टार्टरच्या ठिणगीने भडका उडू शकतो. मोटर बंदच ठेवा, कारण उपसा केला की पेट्रोल पंपाकडचं दूषित पाणी तुमच्या विहिरीकडे ओढलं जातं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, प्रत तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला. इंधन साठ्याच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तिथेही कळवा.

प्रश्न : आम्ही पाणी तपासून घेतलं, ‘पिण्यायोग्य’ असा अहवाल आला. वास मात्र तसाच आहे. हे कसं?

बहुधा तपासणीच वेगळी झाली. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू पाहतात, इंधन पाहतच नाहीत. अर्जात ‘बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ असं स्पष्ट लिहा. डिझेलची शंका असेल तर नॅफ्थलीनही जोडा.

दुसरी चूक बाटलीची. प्लास्टिकच्या अर्धवट भरलेल्या बाटलीतून बेंझिन वाटेतच उडून जातं. त्यासाठी 40 मिलिलिटरची काचेची, टेफ्लॉन पडद्याच्या झाकणाची कुपी प्रयोगशाळेकडून मागा. ती काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. एकही बुडबुडा दिसता कामा नये. त्यात प्रयोगशाळेने घातलेलं आम्ल सांडू देऊ नका. कुपी बर्फात, 4 अंशांच्या आसपास ठेवा आणि 14 दिवसांत तपासून घ्या.

अहवाल वाचतानाही सावध राहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) खनिज तेलाची मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे, आणि बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे तेलाच्या चाचणीत ‘पास’ झालेल्या पाण्यात बेंझिन घातक प्रमाणात असू शकतं.

प्रश्न : माझा पंप आहे. मे महिन्यात टँकर रिता केल्यावर साठा कमी भरतो. टाकी गळते आहे का?

आधी तापमान पाहा. पेट्रोलचं आकारमान दर अंशाला सुमारे 0.095 टक्के बदलतं. उन्हात तापलेलं 12,000 लिटर पेट्रोल टाकीत 10 अंशांनी थंड झालं तर जवळपास 114 लिटर ‘कमी’ दिसेल, आणि त्यात गळती एका थेंबाचीही नसेल. म्हणून डिपसोबत (काठीने मोजलेली टाकीतली पातळी) तापमान आणि डेन्सिटी (घनता) दोन्ही नोंदवा.

मग रात्री विक्री बंद झाल्यावर आणि सकाळी पहिल्या गाडीआधी डिप घ्या. विक्री नसतानाही रोज घट दिसली तर संशय टाकीवर. घट विक्रीच्या प्रमाणात असेल तर पाइपवर किंवा मीटरवर. भाद्रपदात टाकीत पाणी सापडू लागलं तर भोकाची शक्यता धरा, कारण तेव्हा भूजल टाकीच्या तळाच्या वर आलेलं असू शकतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी मिसळून जातं, डिपच्या काठीला लावायची पाणी ओळखणारी साधी पेस्ट ते दाखवेलच असं नाही. त्यासाठी बनवलेली पेस्ट वापरा.

प्रश्न : पंपाच्या जागेत गळती तपासायला मातीचे बोअर कुठे आणि किती घ्यावेत?

इथे आपल्या जमिनीचा स्वभाव कळला पाहिजे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने पाइपचे सांधे सैल होतात आणि भेगांमधून इंधन सरळ मुरमापर्यंत उतरतं. त्यामुळे वरची दोन-तीन फूट माती स्वच्छ निघाली म्हणून काम थांबवू नका. टाकीभोवतीच्या वाळूच्या भरावात इंधन हौदासारखं साचतं, तिथूनही नमुना हवाच. प्रत्येक अर्ध्या मीटरला माती घ्या. थोडी पिशवीत अर्धी भरून बंद करा, दहा-पंधरा मिनिटांनी आतल्या हवेचं वाफमापकाने माप घ्या. सर्वांत जास्त आकडा दाखवणाऱ्या थरातला, आणि मुरूम-खडकाच्या सांध्यावरचा वेगळा नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

भूजलाची दिशा काढायला किमान तीन निरीक्षण बोअर त्रिकोणात घ्या आणि पातळी जमिनीपासून न मोजता एकाच ठरलेल्या बिंदूच्या संदर्भात मोजा. बेसाल्टात पाणी फटींतून वाहतं, त्यामुळे तीन बोअरांचं उत्तर जवळच्या विहिरींशी ताडून पाहा. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा मापं घ्या.

निरीक्षण बोअरमधला जाळीचा पाइप मे महिन्याच्या पातळीखालून ऑक्टोबरच्या पातळीच्या वरपर्यंत हवा, वरचा भाग बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद करा. इंधन पाण्यावर तरंगतं. जाळी पाण्याखाली बुडाली तर नमुना स्वच्छ निघेल आणि तवंग वरच राहील. म्हणूनच खोल बोअरवेलचं पाणी चांगलं आलं, एवढ्यावरून जागा स्वच्छ ठरवू नका.